घरी किती जोखीम आहे?

३ मार्च, सोमवार

काम मिळालं. लोकांना प्रश्न विचारायचं. यासाठी पैसे देतात हे आधी कळलं असतं, तर आयुष्यभर फुकट विचारत बसले नसते.

झालं असं. शेजारच्या रसायनांच्या कंपनीला आमच्या गल्लीमागच्या मोकळ्या जागेत विषारी गॅसच्या आणखी दोन मोठ्या टाक्या बसवायच्या आहेत. माझ्या मोरीची भिंत आणि टाक्यांचं कुंपण यांच्यामधून एखादी हातगाडी जाईल, एवढीच जागा राहणार. परवानगीआधी सरकारी सुनावणी आहे. तिथे म्हणे आता लोकांना काय वाटतं याचाही आकडा मांडावा लागतो. तो काढायला एक संस्था आली आहे. संस्थेच्या मॅडमना वाचता येणारी आणि गल्लीत जिला कोणी दारातून हाकलणार नाही अशी बाई हवी होती. वाचनालयाच्या शिपायानं माझं नाव सांगितलं. म्हणाला, "ती औषधाच्या बाटलीबरोबरचा कागदसुद्धा सोडत नाही."

खरं आहे ते. मला कोणी शाळेत घातलं नाही. मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावर मी अक्षरं गिरवली. ती चौथीत गेली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होते आणि ती ते फाडून होड्या करत होती. हे म्हणायचे, घरात दोन विद्यार्थिनी, पण रागावता एकीलाच येतं.

मॅडमनी शिकवलं ते एवढंच. छापलंय तसं वाचायचं. समजावून सांगायचं नाही. मान हलवायची नाही, भुवई वर करायची नाही. मी म्हटलं, "भुवईचं काही सांगत नाही मॅडम, ती माझ्या ताब्यात नसते." त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

मुख्य प्रश्न असा: "आपल्या घरी व आसपास किती जोखीम आहे असे आपणांस वाटते?" एक म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे फारच. त्याखाली: "आपणांस भीती वाटते का?"

सरासरी मोठी आली तर टाक्या गावाबाहेर न्याव्या लागतील. लहान आली तर इथेच. मी काम घेतलं ते मोठी आणायला. हे मॅडमना सांगितलं नाही.

५ मार्च, बुधवार

एक. एक. दोन. एक. परत एक.

या गल्लीला झालंय काय? कंपनीचा भोंगा वाजला की पोरं उचलून पळणारी माणसं ही! वाऱ्याची दिशा बघून कपडे वाळत घालणारी. आणि विचारलं तर म्हणे, एक.

शिंपिणीनं मशीन थांबवलं, प्रश्न ऐकला, पायानं खालचा खण आत ढकलला आणि म्हणाली, "एक. एकपण नाही. आमच्याकडे काहीसुद्धा नाही, लिही."

"नीट विचार कर."

"काय विचार करू? नाही म्हणजे नाही. आणि हे सगळं तू कोणाला दाखवणार?"

किराणावाला म्हणाला, "दोन लिहा, आणि हळू विचारा, गिऱ्हाईक उभं आहे." पोस्टमनच्या बायकोनं तेवढे आठ सांगितले, तेही मान ताठ करून. गल्लीत एक तरी शहाणी निघाली म्हणून मी तिचा हात दाबला. तिलाही बरं वाटलेलं दिसलं.

मुकादम भावजींनी तर कहर केला. हे आणि ते एकाच खात्यात होते, टाक्यांच्या. हे कामगार, ते मुकादम. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी येतात, नळ बघतात, फ्यूज बघतात. बिघडलेलं नसलं तरी बघतात. आज मीच त्यांच्या दारी गेले, तर म्हणाले, "तुमच्याकडेच बसू, वहिनी, इथे नातवंडं ऐकतात." आले, आणि नेहमीसारखे ह्यांच्या फोटोकडे पाठ करून बसले. त्यांना दाराचा उजेड लागतो.

"जोखीम किती?"

"एक."

"भावजी!"

"तुम्ही विचारायचंय ना? मी सांगितलं. एक."

"आणि भीती?"

"भीती?" त्यांनी छाती पुढे काढली. "अख्खी उमर टाक्यांवर काढली, वहिनी. भीती वाटणारा माणूस तिथे मुकादम होत नाही."

लिहिलं. दुसरं काय करणार? ते गेल्यावर भांडी जरा जोरात घासली.

हे टाकी साफ करायला आत उतरले होते. वर आले, घरी आले, म्हणाले घसा धरलाय. पंधरवड्यात गेले. कंपनी म्हणाली, सिगारेटी. ओढत होते, खोटं कशाला बोलू? पण सिगारेट माणसाला हळूहळू नेते. इतकी घाई तिला नसते.

८ मार्च, शनिवार

हसावं की रडावं? दोन्ही केलं.

गल्लीच्या टोकाच्या मावशींकडे गेले. त्या सगळ्यांच्याच मावशी, वयानं सर्वांत मोठ्या. मी छापील प्रश्न वाचला. "आपल्या घरी व आसपास किती जोखीम आहे असे आपणांस वाटते?"

"हळू बोल गं! आधी दार लाव."

लावलं.

"कोणाला सांगणार नाहीस?"

"यावर नाव नसतं, मावशी."

त्या माझ्या कानाशी आल्या. "दोन पाटल्या आहेत. पिठाच्या डब्यात. पण तू लिहिताना एक लिही. नाही, एक तरी कशाला? काही नाही असंच लिही."

मी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "मावशी, जोखीम म्हणजे काय?"

"घ्या! वाचणारी बाई मला विचारते. जोखीम म्हणजे जोखीम. अंगावर असते ती. प्रवासाला निघालीस की आई सांगायची नाही का, जोखीम सांभाळ म्हणून?"

सांगायची. माझी आईसुद्धा सांगायची. लग्नानंतर मला पाठवताना म्हणाली होती, अंगावर जोखीम आहे, खिडकीशी बसू नकोस. मी इतकं छापील वाचत गेले की जोखीम म्हटलं की मला धोकाच दिसायला लागला. आईची जोखीम पार विसरले.

तशीच शिंपिणीकडे गेले. "खरं सांग, तू मला एक का म्हणालीस?"

"मग काय सांगू? दुपारच्या वेळी दारात येतेस, हातात सरकारी कागद आणि विचारतेस घरी किती जोखीम! मी म्हटलं, ही शहाणी आता गल्लीतलं सोनं मोजायला निघाली. मी तर तुझ्यानंतर खणाला कुलूप घातलं."

म्हणजे पोस्टमनच्या बायकोचे ते आठ... आणि मी तिचा हात दाबून आले!

संध्याकाळभर ह्यांना सांगावंसं वाटत राहिलं. असलं काही ऐकलं की हे गुडघ्यावर थाप मारून हसायचे. आज थाप मारायला कोणी नव्हतं. मीच मारली.

१० मार्च, सोमवार

मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं झटकून टाकतील. नाही टाकलं. चष्मा काढला, डोळे चोळले, वहीत लिहून घेतलं.

"हा शब्द मी निवडलेला नाही," म्हणाल्या. "वरून छापून आला. बाकीच्या वस्त्यांमध्येही हाच विचारलाय. इथे बदलला तर इथला आकडा त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येणार नाही."

"मग त्यांचेही चुकले असतील."

"असतील." चष्मा परत घातला. "मी वर कळवते. पण तोवर छापलंय तेच वाचा. तुम्ही समजावून सांगायला लागलात की ते त्यांचं उत्तर राहत नाही, तुमचं होतं. पटतंय का?"

पटत होतं. म्हणूनच राग आला. बाई वाईट असती तर सोपं गेलं असतं.

"वरून उत्तर कधी येईल?"

"सुनावणीच्या आधी यावं."

यावं म्हणजे येणार नाही. एवढं मराठी मला कळतं.

१३ मार्च, गुरुवार

ऐकलं नाही मी. ऐकणार नाही.

प्रश्न छापलाय तसाच वाचते, नियम म्हणजे नियम. मग म्हणते, "जोखीम म्हणजे सोनं नव्हे हं. मागे टाक्या आल्या आणि एखादी फुटली तर काय, ते विचारतेय." की लगेच आठ. नऊ. आठ. एका बाईनं तर बारा सांगितले, तिला दहावर आणताना दमले. शिंपिणीचं आणि मावशींचं पुन्हा भरून घेतलं.

दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. पण एक गोष्ट लिहून ठेवते. इस्त्रीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला किती हवेत, काकू?"

"मला किती हवेत ते सोड. तुला किती वाटतात?"

"मला वाटतं तुम्हाला नऊ हवेत."

मी नऊ लिहिले. लिहिताना हात जरा अडला. पण लिहिले.

१६ मार्च, रविवार

मुलगी येऊन गेली. आली तेव्हापासून नाकाला रुमाल. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. दुपारी डोकं धरून पडली.

"आई, तुला हा वास येत नाही?"

"कसला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. लग्न झाल्यापासून तिचं नाक नाजूक झालंय. इथे वाढली तेव्हा कधी तक्रार नव्हती. मागच्या खेपेला माझी शाल नेली होती, आज पुन्हा न्यायला दिली, तर तीही पिशवीतून काढून ठेवली. म्हणाली, दोनदा धुतली तरी जात नाही. काय जात नाही ते बोलली नाही.

मग नेहमीचंच. "चल माझ्याकडे. एक खोली तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. इथे काय आहे आता?"

इथे काय आहे! दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या खुणा आहेत, ह्यांनी खिळ्यानं कोरलेल्या. बाहेर ह्यांनी बांधलेला ओटा आहे, एका बाजूला उतरता. उतरता का केला तर म्हणे, पाणी साचू नये. साचतं ते दुसऱ्या बाजूला. तो ओटा मी कोणावर सोडू?

"टाक्या आल्या की मग?" तिनं विचारलं.

"येऊ देणार नाही."

"तू?"

"मग कोण?"

जाताना ती रडली. मी नाही रडले. आता लिहिताना जरा.

१९ मार्च, बुधवार

काम गेलं.

मॅडमनी पडताळणीसाठी काही घरं स्वतः फिरून पाहिली. इस्त्रीवाल्यानं सरळ सांगितलं, काकूंना नऊ हवे होते म्हणून नऊ दिले. खोटं बोलला नाही बिचारा.

मॅडम आवाज चढवून बोलल्या असत्या तर मीही चढवला असता. त्या हळू म्हणाल्या, "मला तुमचे सगळे फॉर्म बाजूला ठेवावे लागतील. आधीचे आणि नंतरचे. गल्ली आता दुसरा माणूस घेईल."

दुसरा माणूस दुपारीच दिसला. प्रश्न असा वाचतो, जसा स्टेशनवरचा कर्णा. छापलंय तसं, एका दमात. आणि लोक आता मला नव्हे, परक्या माणसाला सांगणार घरात जोखीम किती. मी समजावलेलंसुद्धा विसरून खणाला कुलपं घालतील.

म्हणजे मोठा आकडा आणायला निघाले, आणि लहान आकड्याची वाट मीच साफ करून दिली. माझं चुकलं का? शब्द चुकीचा होता, हे खरं. पण इस्त्रीवाल्याचे नऊ त्याचे नव्हते, हेही खरं. दोन्ही खरं असेल तर माणसानं जायचं कुठे?

मुकादम भावजी आले. नळ बघायला, दुसरं काय?

"बरं झालं सुटलात, वहिनी. नसती उठाठेव."

मग मात्र माझा तोल गेला. "उठाठेव? तुम्ही तरी एक कसा सांगितलात? जोखीम म्हणजे सोनं, असं तुम्हाला वाटलं नव्हतं. तुम्हाला शब्द कळला होता. त्या टाकीत काय असतं, हे गल्लीत तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

ते पाना हातात घेऊन मोरीत उभे. म्हणाले, "दहा सांगितले असते तर पुढचं कोणीतरी विचारलं असतं."

"काय विचारलं असतं?"

"की मग इतकी वर्षं काय करत होतास."

"काय करत होतात म्हणजे? काम करत होतात! त्यात विचारायचं काय आहे?"

त्यांनी नळ घट्ट केला, इतका की आता माझ्यानं उघडत नाही.

२७ मार्च, गुरुवार

सुनावणी झाली. शाळेच्या सभागृहात, मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. अध्यक्षीण बाई सरकारी, पांढरे केस, कंटाळलेल्या. कंपनीचे साहेब नीटनेटके. मॅडम भिंतीशी.

आकडा वाचला गेला: दोन पूर्णांक एक. साहेब म्हणाले, "वस्तीला जोखीम जाणवत नाही, हे स्पष्ट आहे."

मी उठले. काय बोलायचं ते चार दिवस मनात घोळवलं होतं. ऐनवेळी एवढंच आलं: "बाई, तो आकडा टाक्यांचा नाही. आमच्या दागिन्यांचा आहे."

सभागृह हसलं. साहेबही हसले. म्हणाले, "या बाईंना सर्वेक्षणातून काढलं होतं. उत्तरं शिकवत होत्या."

"शिकवत होते," मी म्हटलं. "मोठा आकडा यावा म्हणून. ते फॉर्म रद्द झाले, ते बरोबरच झालं. पण मग हेही रद्द करा. मी लोकांना चुकीचं उत्तर शिकवलं असेल, तुम्ही चुकीचा प्रश्न शिकवलात."

तेवढ्यात मागून मावशी उठल्या. उठायला वेळ लागला, पण उठल्यावर खाली बसवायची कोणाची टाप नव्हती. "मी एक सांगितला, तो पाटल्यांचा. या हिनं समजावलं होतं, पण तो दुसरा बाबा आला, अनोळखी, मला वाटलं हा खरंच पाटल्यांचंच विचारतोय. खोटं सांगितलं मी, पाटल्या दोन आहेत. कुठे आहेत ते सांगणार नाही."

आता हसू वेगळं होतं. शिंपीण म्हणाली, "माझंपण सोन्याचंच." पोस्टमनची बायको खाली बघत म्हणाली, "माझे आठसुद्धा." अध्यक्षीण बाईंनी पेन उचललं. त्यांचा कंटाळा गेलेला दिसला. त्यांनी मॅडमना विचारलं, हे खरं का? मॅडम म्हणाल्या, "मी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं नाही." असं सांगितल्यानं नोकरी तिथल्या तिथे गेली असती त्यांची. अजूनही जाईल कदाचित.

साहेब शांत. "ठीक आहे. जोखीम या शब्दाचा घोळ झाला असं धरू. पण भीती हा तर रोजचा शब्द. बहुतेक पुरुषांनी 'नाही' म्हटलं आहे. कंपनीच्या माजी मुकादमांनीसुद्धा, हे ते स्वतःच सांगतात. ते इथेच बसलेत."

मुकादम भावजी उभे राहिले. टोपी हातात. मला वाटलं, झालं, आता छाती पुढे काढणार.

"माझं 'नाही' खोडा," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला भीती वाटते?" साहेबांनी विचारलं.

"मी माणसं टाकीत उतरवायचो, साहेब. उतरवणाऱ्यानं भीती वाटते म्हटलं तर कोणी उतरत नाही. म्हणून म्हणायचं नसतं. एकदा सवय लागली की घरीपण म्हणत नाही." टोपीची घडी घातली. "मास्क आलेले नव्हते. मी म्हटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे, उतर. माझं 'नाही' खोडा. आणि जोखमीच्या पुढे दहा लिहा. मला कोणी शिकवलेलं नाही. वहिनींनी तर नाहीच."

भावजी उभेच होते, बसायचं विसरल्यासारखे. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. वय झालं त्यांचं. मी जाऊन त्यांना हाताला धरून बसवलं, तर लहान मुलासारखे बसले. कोणाला उतरवलं, ते मी विचारलं नाही. सभेत कशाला विचारायचं?

अध्यक्षीण बाईंनी निर्णय दिला. आकडा रद्द. पुन्हा विचारायचं, आणि शब्द आधी वस्तीत विचारून घ्यायचा. तोवर टाक्यांवर निर्णय नाही. किराणावाला ओरडला, "म्हणजे येणार होती ती कामंपण थांबली!" आणि चार-पाच डोकी हललीसुद्धा. सगळी गल्ली माझ्याबरोबर आहे, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

दाराशी मॅडम भेटल्या. "'धोका' शब्द सुचवलाय. चालेल?"

"मला कशाला विचारता? मावशींना विचारा."

"त्यांनाच आधी विचारलं," म्हणाल्या. या वेळी भुवई त्यांची वर गेली होती.

३० मार्च, रविवार

भावजी आले नाहीत. नळ गळत नाही, तरी वाट पाहिली.

६ एप्रिल, रविवार

आजही नाही आले. मग मीच गेले. म्हटलं, "नळ तुम्ही आवळलात, माझ्यानं उघडत नाही, येऊन सैल करून द्या." ते दारात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मग पाना घेतला आणि माझ्यामागून आले. नळ सैल केला, मग बाहेरच्या खोलीत येऊन बसले. आज ह्यांच्या फोटोकडे पाठ केली नाही.

चहा दिला. प्यायले.

११ एप्रिल, शुक्रवार

नवं सर्वेक्षण सुरू झालं. नवी मुलगी आली, मॅडमच्याच संस्थेची, पण मला ओळखत नव्हती. बरंच झालं. आधीच्या वेळी मी विचारणारी होते, म्हणून मला कोणी विचारलंच नव्हतं.

"काकू, टाक्यांमुळे इथे राहणाऱ्यांना किती धोका आहे असं तुम्हाला वाटतं? एक म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे फार."

चांगलं विचारलं. छापलंय तसं, भुवई न हलवता. गल्लीभर लोकांना मी याच प्रश्नावरून टाकून बोलले होते, आणि आता मीच पदराशी चाळा करत बसले. दहा म्हणायचं म्हणजे मुलीचं म्हणणं खरं. म्हणजे मी इथे झोपते ते... पुढचं लिहीत नाही. तिनं घाई केली नाही, पेन धरून बसली.

"दहा," मी म्हटलं.

तिनं गोल केला. पान उलटलं. "भरपाई मिळाली तर तुम्ही इथून दुसरीकडे राहायला जाल का? हो किंवा नाही."

"नाही."

तिनं मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. "काकू, धोका दहा म्हणालात ना?"

"हो."

"आणि जाणार नाही?"

"नाही. टाकी जाईल. ती अजून आलेली नाही, मी आलेली आहे."

"पण ही दोन उत्तरं जुळत नाहीत. ऑफिसमध्ये विचारतील मला."

"जुळवायला नाही बसले मी. तू विचारलंस, मी सांगितलं. दोन्ही लिही."

ती जरा घुटमळली. मी तिला समजावलं नाही, मान हलवली नाही. मग तिनं लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून दोन्ही उत्तरं वाचली, तेव्हा कुठे तिला शेजारच्या दारी जाऊ दिलं.